मधले साडेआठ तास

एका भल्या घरच्या मुलाने मुंबई आणि लंडनच्या मध्ये कुठेतरी दुसरा संसार थाटला आहे, असं मी एकदा ठरवून टाकलं होतं. ऐकीव गोष्टीवर नाही, पुराव्यावर. पुरावा घड्याळाचा होता. तो मुलगा माझ्या मुलीला बघायला आला होता, मुलीला तो आवडला होता, आणि मी मात्र त्याच्या तोंडून विमानाच्या दोन वेळा ऐकल्या आणि पोह्यांची बशी संपायच्या आत त्याची तिकडची बायको, दोन लेकरं आणि खिडकीला लावलेला पडदासुद्धा मनातल्या मनात बघून आले.

पडद्याचा रंग विचाराल तर मोरपंखी होता. मी शिवणकाम करणारी बाई. दुसऱ्याच्या संसाराची कल्पना करायची तरी कापडापासून सुरुवात होते.

हसा. मीही हसते. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर चढवून जगाकडे उघड्या डोळ्यांनी संशयाने बघणारी ती बाई आज माझ्या दारात आली, तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. विचारला तर म्हणेल, "काऊन? आज काऊन चहा पाजून राह्यली? काय काम काढलं?"

पण ती तशी का झाली, हे सांगितल्याशिवाय विमानाची गोष्ट कळायची नाही.

आमचं घर मेहकरच्या एसटी स्टँडच्या मागे. आमचे हे स्टँडवर कंट्रोलर. खिडकीत बसून गाड्यांची नोंद करायची, भोंग्यावरून पुकारा करायचा, उशिरा आलेल्या ड्रायव्हरला कारण विचारायचं, हे त्यांचं काम. आणि घरी मी मशीनवर. गाडीला वेळ असला की बायका स्टँडवर ताटकळण्यापेक्षा माझ्याकडे येऊन बसत. कोणाचा ब्लाउज, कोणाच्या परकराला नाडी, कोणाला नुसतं पाणी. त्यांच्या बोलण्यातून आणि ह्यांच्या पुकाऱ्यातून मला सगळ्या गाड्या पाठ झाल्या होत्या. कोणती गाडी चिखलीच्या अलीकडे चहाला थांबते, कोणता ड्रायव्हर सासुरवाडीच्या फाट्यावर विनाकारण ब्रेक मारतो, सगळं.

त्यातून मी एक कायदा काढला. रस्ता तोच असेल, तर वेळही तेवढाच लागला पाहिजे. जाताना जेवढा, येताना तेवढा. जास्त लागला, तर माणूस मध्ये उतरला. आणि उतरला, तर कशाला उतरला?

हा कायदा किती पक्का होता ते माझ्या दिराला विचारा. एकदा तो अमडापूरच्या बाजाराला गेला आणि दिवे लागल्यावर उगवला. जाऊ बिचारी जेवायची थांबलेली. दीर म्हणाला, "बाजारातून सरळ आलो, वहिनी. गाडीच लेट होती."

"कोनती गाडी?"

"थेच. नेहमीची."

"नेहमीची तं केव्हाचीच आली. ड्रायव्हर इथं बसून पानी पिऊन गेला. तुमी काय तिच्या मागं पयत आले?"

मग निघालं की मित्राच्या शेतात कोंबडं शिजलं होतं आणि पत्ते बसले होते. त्या दिवसापासून गल्लीत मला 'चेकर' म्हणायला लागले. चेकर म्हणजे एसटीत अचानक चढून तिकिटं तपासणारा माणूस. लोक चिडवायला म्हणत. मला तो किताब वाटे.

आता मुलीच्या लग्नाकडे येते. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, गुण जुळवत नाहीत. बाबासाहेबांच्या वाटेने आलेली माणसं आम्ही, शनी-मंगळाला घाबरत नाही. पण ग्रहांवरचा भार काढला तर तो कुठेतरी ठेवावा लागतोच. आमच्याकडे तो सगळा चौकशीवर पडतो. स्थळ आलं की एखादा मामा मुलाच्या गावी जातो, पानठेल्यावर उभा राहतो, एखादी आत्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत बसून येते. दुसऱ्यांच्या घरात हे काम पाच-सहा जण वाटून घेतात. आमच्या घरात मी एकटी पुरेशी होते.

माझी मुलगी चिखलीला ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. रोज बसने जायची, बसने यायची, आणि तिचीही वेळ मी बघायची, ते सोडा. तिला आधी तीन स्थळं आली. पहिला म्हणाला, मी सगळीकडे गाडीनेच जातो. दारात त्याच्या चपला मी उलट्या करून पाहिल्या तर टाचा घासून पार कागद झालेल्या. मोडलं. दुसरा म्हणाला, मी चहा घेत नाही, आणि आग्रह केल्यावर कपाचा कान इतक्या सवयीने धरला की मी मनात म्हटलं, जो चहाचं खोटं बोलतो तो दारूचं काय सांगणार? मोडलं. तिसऱ्यात काहीच सापडलं नाही. ज्याच्यात काहीच सापडत नाही तो फार हुशारीने लपवत असणार, म्हणून तेही मोडलं.

तिसऱ्यानंतर मुलगी एका संध्याकाळी पायातले बूट काढता काढता मला म्हणाली. आवाज चढवला नाही, हेच वाईट.

"माय, आता एकच. मले पोरगं पसंत पडलं अन् तू मोडलं, तं मी पुन्हा कोनापुढंच चहाचा ट्रे घेऊन येनार नाई. लग्नाचा विषयच बंद. मंग बस तू चपला पालट्या करत."

ती बोलेल तसं करेल, हे मला माहीत होतं. हट्टात ती माझ्यावरच गेली आहे.

चौथं स्थळ आलं ते हिवरा आश्रमाजवळच्या एका खेड्यातलं. वडील लवकर गेलेले, आईने थोडक्या शेतीवर वाढवलेला, शिकून कॉम्प्युटरच्या नोकरीला लंडनला लागलेला. सुट्टीवर आला होता. पहिल्या दिवशी त्याचे मामा आणि तो असे दोघेच आले. सोयाबीन काढणीला आलेलं, म्हणून आई घरी राहिली.

मुलगा सावळा, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणारा. मुलगी आणि तो गच्चीवर थोडा वेळ बोलले. खाली आले तेव्हा मुलीने कोणी न सांगता त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आधीच्या तिघांना तिने पाणी दिलं होतं, पण ट्रेमधून, माझ्या सांगण्यावरून, भिंतीकडे बघत. ह्याला देताना ती हसली. एखाद्या शहाण्या बाईने तिथेच हात जोडले असते.

मी विचारलं, "प्रवास लांबचा असन नाई?"

"हाव, लांबच. पन विमान सरळ आहे. मधात थांबा नाई."

"किती वाजता बसता मंग?"

"जाताना मुंबईतून दुपारी दोनले निघते, संध्याकाळी सातले तिथं उतरते."

"अन् येताना?"

"येताना तिथून रात्री साडेनऊले निघते. मुंबईत येते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराले."

मी पदराआड बोटं मोजली. दोन ते सात, पाच तास. रात्री साडेनऊ ते सकाळी अकरा, साडेतेरा तास. मुंबई तीच, लंडन तेच, विमानही तेच. आणि मध्ये थांबा नाही, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलून बसलेला. मग येताना हे साडेआठ तास गेले कुठे?

मी त्याच्या बशीत आणखी पोहे घातले. वर खोबरं पेरलं. तो म्हणाला, "बस, बस." मी म्हटलं, "घ्या, जेवन कुठं कुठं होत असन तुमचं, काय मालूम." ह्या वाक्यातली सुई त्याला टोचली नाही. मला मात्र फार आवडली.

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं. अहो, चेकर कधी विचारत नसतो. त्याने आधीच विचारलं, "तिकीट काढलं का?" तर बिनतिकिटाचा पुढच्या स्टॉपवर उतरून जातो. विचारलं की माणूस सावध होतो, असा माझा दुसरा कायदा होता.

ते गेल्यावर मी ट्रंकेतून मुलीच्या शाळेतलं नकाशांचं जुनं पुस्तक काढलं. मशीनवरचं दोऱ्याचं रीळ घेतलं. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक ठेवलं आणि ताणून लंडनपर्यंत नेलं. गाठ मारली. मग तोच दोरा लंडनहून मुंबईपर्यंत ताणून पाहिला. आता ह्यावर हसायचं राहून जाऊ नका: ती बाई खरोखरच बघत होती, येताना दोरा लांब पडतो का ते. दोरा तेवढाच भरला. खाली दिलेल्या मापावर धरला, तर अंतर सात हजार किलोमीटरच्या वर गेलं. म्हणजे जाताना विमान बाणासारखं आणि येताना त्याच्या तिपटीने हळू, जत्रेहून परतणाऱ्या बैलगाडीसारखं? विमानाला काय चढ लागतो?

आणि दोरा कुठून जात होता म्हणाल, तर अरबस्तानावरून. मी दोऱ्याच्या बाजूने बोट फिरवत गेले. दुबई सापडली. तिथे मी सुई टोचून ठेवली.

मुंबई-लंडनमधल्या सगळ्या मुलुखात मला एकच गाव ओळखीचं वाटलं, म्हणून त्याची बायको दुबईला. मेहकरातले दोन गवंडी दुबईला जाऊन आलेले होते, तेवढीच काय ती ओळख.

दुसऱ्या आठवड्यात मी घरी सांगितलं, हिवऱ्याला एका बाईचे ब्लाउज द्यायचे आहेत. पिशवीत खरंच दोन ब्लाउज ठेवले, शेजारणीचे. हिवरा आश्रमला उतरले, तिथून ऑटोने त्याच्या गावी. ओळखू येऊ नये म्हणून चष्मा काढून ठेवला आणि डोक्यावरून पदर घेतला. त्या गावात मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं, आणि चष्म्याशिवाय मला समोरचं कुत्रंही दिसत नव्हतं. दोनदा ठेचकाळले.

किराणा दुकानदाराला विचारलं. म्हणाला, पोरगं सोन्यासारखं. शेंगदाणे मोजून देतो तसं बोलला, म्हणून मी ते सोडून दिलं. मग पिठाच्या गिरणीवर गेले. गिरणीवर दळण संपेपर्यंत बायकांना दुसरं काम नसतं. तिथे एक बाई चाळणी घेऊन बसली होती. तिच्याजवळ बसले, इकडचं तिकडचं झालं, मग म्हटलं, "इथलं कोनतं पोरगं म्हने लंडनले आहे?"

"आहे ना. लय मायाळू. मागच्या साली आलं होतं तं आख्ख्या गल्लीले खजूर वाटले. असे मोठाले! दुबईचे."

मी आणखी जवळ सरकले. "दुबईचे? राह्यते लंडनले अन् खजूर दुबईचे?"

"आता मले काय मालूम, बाई. मधात उतरत असन."

मधात उतरत असन! एवढं बोलून ती पिठात हात घालून पीठ गरम आहे का बघायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. थोड्या वेळाने तिने वर बघून विचारलं, "तुमी कोन गावच्या?" मी सांगितलं, जालन्याकडच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या प्रवासाची तपासणी केली आणि त्या दिवशी स्वतःच जालन्याहून आले.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. एरवी कोणाचं खोटं पकडलं की मला दिवसभर भूक चांगली लागायची. त्या दिवशी पिशवीतली भाकरी तशीच परत आणली. घरी आले तर मुलगी मागच्या अंगणात फोनवर बोलत होती. पाठमोरी. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, हे विशेष. ती मध्येच हसली. मी मशीनवर बसले होते. सुईत दोरा ओवता येईना. पहिल्यांदा मला वाटलं, आपला हिशेब चुकलेला असावा. देवाला मानत नाही, नाहीतर नवस बोलले असते की घड्याळ खोटं निघू दे.

ह्यांना सांगितलं असतं तर गाठ तिथेच सुटली असती. पण ह्यांना सांगितलं की माझा तपास त्यांच्या खिडकीत जाणार, आणि उलगडा झाल्याचा पुकारा तेच करणार. मी गप्प राहिले. चेकरलाही गर्व असतो.

पुढच्या रविवारी ते लोक साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायला आले. ह्या वेळी मुलाची आई होती. बारीक, रापलेली, हातावर सोयाबीनच्या काडाचे ओरखडे. ती फार बोलली नाही. पण बसायच्या आधी तिने आमच्या दारातल्या चपला बघितल्या. पाण्याचा पेला हातात घेतला, तो फिरवून बुडाशी बघितला, मग प्यायली. माझ्या मशीनकडे बघून म्हणाली, "कवाधरून चालवता?" मी सांगितलं. तिने मान हलवली, पण पटल्याची नव्हे, ऐकून ठेवल्याची. पंख्याकडे बघितलं, भिंतीवरच्या ओलीकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला तिचा राग आला. आपल्या घरात येऊन कोणी असं तपासल्यासारखं बघतं का!

मामांनी मांडीवर थाप मारली. "मंग? धरायची का तारीख?"

मी म्हटलं, "धरू. पन त्याच्या आधी मले एक हिशेब पाह्यजे."

मामांना वाटलं देण्याघेण्याचं काही निघालं. ते घाईने म्हणाले, "बाई, आमाले काईच नको. नारळ अन् पोरगी."

"देन्याघेन्याचा नाई. तासांचा." मी मुलाकडे वळले. "जाताना तुमाले पाच तास लागते अन् येताना साडेतेरा. मधात थांबा नाई म्हनता. मंग हे साडेआठ तास तुमी कुठं उतरता? दुबईले तुमचं कोन आहे?"

स्वयंपाकघरात कपांचा आवाज येत होता तो बंद झाला.

आमचे हे "अवं..." म्हणाले आणि तिथेच अडकले. मामा उभे राहिले. "आमच्या पोरावर वहीम? पोराच्या मायनं रक्ताचं पानी करून शिकवलं, अन् हे त्याले दुबईत बायको काढून राह्यले! ऊठ बे. चाल. हे घर नाई, ठानं आहे."

मुलगी ट्रे घेऊन दारात आली होती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

तो उठला नाही. थोडा वेळ खाली बघत राहिला. मला वाटलं, सापडला. मग म्हणाला, "बसा मामा. त्यांचं बरोबर आहे. मीच अर्धं सांगतलं."

मामा बसले नाहीत, पण थांबले.

"मावशी, इथं दुपारचे दोन वाजते तेव्हा तिथं सकाळचे साडेनऊच वाजेल राह्यते. मी निघालो ते इथल्या घड्याळानं सांगतलं अन् पोचलो ते तिथल्या घड्याळानं. येताना त्याच्या उलटं. एकच घड्याळ हातात धरलं, तं जाताना साडेनऊ तास लागते, येताना नऊ. विमान कुठंच थांबत नाई."

ह्यांचे ओठ हलत होते. स्टँडवर लेट गाडीचा हिशेब करताना हलायचे तसे. मग ते एकदम भोंग्यावर बोलावं तसं म्हणाले, "बरोबर आहे!" आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "अवं, तिथली क्रिकेटची म्याच आपल्याइथं दुपारी साडेतीनले लागते ना? तिथं तेव्हा सकाळ असते. तूच तं म्हनतं, ह्या लोकांले सकाळी सकाळी कामधंदे नाई का म्हनून."

म्हणतच होते. वर्षानुवर्षं म्हणत आले होते. तिकडे सकाळ आणि इकडे दुपार, हे मला चांगलं माहीत होतं. पण संशय एकदा घरात शिरला की अक्कल चपला घालून बाहेर जाते, आणि त्या वेळी तिच्या चपला उलट्या करून बघायचं मला काही सुचलं नाही.

माणसाने इथे गप्प बसावं. पण तोंड उघडं होतं. "अन् खजूर?" मी विचारलं.

"खजूर?" तो गोंधळला. मग त्याला आठवलं. "त्या साली स्वस्त तिकीट भेटलं होतं. थे विमान दुबईत बदला लागे. विमानतळावरच्या दुकानात घेतले." आणि मग जरा थांबून, "तुमाले खजुराचं कोन सांगतलं?"

मी पंख्याकडे बघितलं. गिरणी, पदर, जालना, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आता तरी विषय बदलावा म्हणून मी घाईघाईने बोलले, आणि बोलले ते हे: "साडेनऊ अन् नऊ म्हनता. मंग येताना अर्धा तास कमी कसा?"

"माय!" मुलीने ट्रे टेबलावर आदळला. चहा बशांत सांडला.

"वारा असते," तो म्हणाला. "वर मोठा वारा राह्यते. जाताना समोरून लागते, येताना मागून लोटते."

वारा! गाडी वेळेआधी आणि उशिरा येण्याची हजार कारणं आमच्या ह्यांनी खिडकीत बसून ऐकली. टायर, रेल्वे फाटक, म्हशी, वरात. वारा अजून कोणी सांगितला नव्हता. पण मुलीचा चेहरा बघून मी ओठ मिटले. आयुष्यात इतकं घट्ट ब्लाउजचं बटणही लावलं नसेल.

मामांनी टोपी घातली. "बरं. आमी घरी जाऊन कळवतो."

ज्यांनी कधी मुलगी दाखवली आहे त्यांना ह्या वाक्याचा अर्थ सांगायला नको. कळवतो म्हणणारे कळवत नसतात. मुलाने मामांकडे बघितलं, आईकडे बघितलं. ती पदर सारखा करत होती. मुलगी ट्रे उचलून आत गेली, आणि मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला. एक कप. दुसरा. तिसरा.

हे त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टँडकडे निघाले. पुढे मामा तरातरा, मागे मुलगा, तो दोनदा वळून बघत होता, खिडकीकडे. मी ओट्यावर उभी. मनात एकच चाललं होतं, आता आत जाऊन पोरीला काय तोंड दाखवू. तीन मोडले तेव्हा निदान कायदा माझ्या बाजूने होता.

मुलाची आई मागे राहिली होती. चपलेचा अंगठा तिच्या पायात जात नव्हता, किंवा ती तसं दाखवत होती. तिने गल्लीकडे नजर टाकली, भाऊ पुरेसा लांब गेला का ते बघितलं. मग ओट्याची पायरी चढून परत वर आली, माझ्या दंडाला धरलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली:

"विहीनबाई, आमच्या भावाचं मनावर घेऊ नका, तारीख मी धरीन. दोन साल झाले, मी बी ह्याच तासांच्या मागं लागली होती. वावरात निंदता निंदता बोटं मोजो, पन पोटच्या पोराले इचाराची हिंमत नाई झाली. आज तुमी इचारलं, माह्या जिवावरचा धोंडा उतरला. अन् त्या अर्ध्या तासाचं म्हनान, तं थो वारा मले बी पटला नाई. थे आता आपुन दोघी मिळून पाहू."